पन्नास जणांची सलाता: प्रकल्प नोंदी

७ नोव्हेंबर २०२५, शारजा

बिल्डिंगच्या ग्रुपवर ठरलं एकदाचं. २ डिसेंबरला इथे नॅशनल डेची सुट्टी, त्या दिवशी दुपारी मागच्या पार्किंगमध्ये टेबलं मांडून सगळ्यांनी एकत्र जेवायचं, प्रत्येक घरातून एक पदार्थ, माणसं पन्नासच्या आसपास. केरळवाल्यांनी बिर्याणी घेतली, लाहोरवाल्यांनी हलीम, आमच्या नावापुढे न विचारताच वडापाव टाकला होता तो मी खोडला आणि सलाता लिहिलं. पॅलेस्टिनी घरात रोजच्या जेवणात असते ती. टोमॅटो, काकडी, कांदा, हिरवी मिरची, पार्सली, पुदिना, सगळं बारीक चिरलेलं, वर लिंबू, मीठ, ऑलिव्ह ऑइल. संपलं. बायको म्हणाली काकडी-टोमॅटो चिरायला महिनाभर आधी फाईल कोण उघडतं? मी उघडतो. नोकरीच प्रोक्युरमेंटची आहे, सवय जात नाही.

पण अडचण खरी आहे. चार जणांची सलाता दहा मिनिटांत होते आणि लगेच खाल्ली जाते. पन्नास जणांची करायला घेतली की नुसतं चिरणंच दोन तास चालणार, आणि मीठ लागलं की थोड्या वेळात तळाशी पाणी, वर मऊ पडलेला टोमॅटो आणि काळपट पुदिना. तर स्कोप असा: एक वाजता येणाऱ्याला आणि अडीच वाजता उगवणाऱ्याला (दुसऱ्या मजल्यावरचे, नाव नको) सारखीच सलाता मिळाली पाहिजे. फूड प्रोसेसर वापरायचा नाही. ही अट माझी नाही, खालतींची.

खालती (अरबीत मावशी) म्हणजे समोरच्या फ्लॅटमधल्या आजी. सत्तरी ओलांडलेल्या, मूळ गाव वेस्ट बँकमधल्या नाबलूसच्या दक्षिणेला, लग्न होऊन कुवेतला गेल्या, १९९० ला इराकचं सैन्य शिरल्यावर सगळं सोडून गाडीने अम्मान, आणि कित्येक वर्षांनी मुलाबरोबर इकडे. माझा काका पण त्याच सुमाराला कुवेतहून धक्के खात अम्मानला पोचला होता, तिथून एअर इंडियाने मुंबई. तेव्हा १ लाख ७० हजारांच्या आसपास भारतीय असे आणले होते. हे एकमेकांना कळल्यापासून दोन्ही दारांमधून डबे रिकामे परत जात नाहीत.

९ नोव्हेंबर

खालतींकडे प्रत्यक्ष बघायला गेलो. वही, मोजपट्टी, किचनचा वजनकाटा घेऊन गेलो त्याचं त्यांना फार हसू आलं.

त्यांना बोर्ड लागत नाही. खुर्चीत बसल्या, मांडीवर स्टीलचं भांडं, डाव्या तळहातावर टोमॅटो, उजव्या हातात छोटीशी सुरी, धार लावून लावून पातं निम्मं झिजलेलं. टोमॅटोला वरून जवळजवळ उभ्या चिरा दिल्या पण तळापर्यंत जाऊ दिल्या नाहीत, मग टोमॅटो हातातच वळवून पहिल्यांना छेदणाऱ्या चिरा, मग सुरी आडवी धरून वरून कापत आल्या की चौकोनी तुकडे टपाटप भांड्यात. आपण कोशिंबिरीला काकडी चोचवतो त्याच घराण्यातला हात आहे, फक्त चोचवलेल्याचे लहानमोठे तुकडे पडतात आणि हे एकसारखे. सगळं टीव्हीवरच्या बातम्यांकडे बघत, एकदाही खाली न बघता. मी दहा-बारा तुकडे उचलून मोजले, ६ मिलिमीटरच्या आसपास. टोमॅटोचाही तेवढा, काकडीचाही तेवढा. कांदा त्याहून बारीक.

आकाराचं कारण विचारलं तर म्हणाल्या चमच्यात सगळं एकदम आलं पाहिजे, नुसती काकडी तोंडात आली तर मग सलाता कशाला करायची, काकडीच खा की. मोठे तुकडे केले तर ती हॉटेलची. प्रोसेसरमध्ये घातलं तर ती चटणी, आणि पाणी सुटणार ते वेगळंच.

बरोबर मुजद्दरा होता, मसूर-भात, वर काळपट तळलेला कांदा. माझ्या डोक्यात सॅलड म्हणजे ताटाच्या कडेला असतं ते. इथे भाताच्या घासाघासाबरोबर सलाता, जवळजवळ निम्मी-निम्मी. मकलुबाबरोबर (भांडं उलटं करून वाढतात तो भात), कोफ्त्याबरोबर, भाजलेल्या माशाबरोबर, सकाळी फूल (शिजवलेल्या बाकल्याच्या दाण्यांची उसळ) आणि फलाफेलबरोबरसुद्धा. म्हणजे माणशी दोन चमचे धरून चालणार नाही. १२० ग्रॅम धरतोय, एकूण ६ किलो.

१४ नोव्हेंबर

सूक अल जुबैलला जाऊन आलो, फक्त बघायला, खरेदी नाही. टोमॅटो जॉर्डनचे, इराणचे, इथले ग्रीनहाऊसचे. खालती बरोबर होत्या आणि त्यांनी प्रत्येक गाळ्यावर टोमॅटो उचलून देठाकडून वास घेतला आणि परत ठेवला. विक्रेता बांगलादेशी, बिचारा काही बोलला नाही.

त्यांच्या गावाकडे बाल पद्धतीचे टोमॅटो असतात. म्हणजे पाणी द्यायचंच नाही. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो, वसंतात रोपं लावायची, जमीन वरून भुसभुशीत ठेवायची म्हणजे आतली ओल टिकते, आणि पुढे पूर्ण उन्हाळा तेवढ्यावर. फळ लहान, वेडंवाकडं, साल जाड, पण आत पाणी कमी आणि चव दाट. माझ्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा पाणी कमी. म्हणजे त्या सलात्यात तळं साचण्याचा प्रश्न मुळातच कमी होता, तो आपण ड्रिपवर फुगवलेल्या टोमॅटोबरोबर विकत आणलाय. आपल्याकडे कोरडवाहू शेतातली वांगी-टोमॅटो खाल्लेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

काकडीचंही तसंच. उन्हाळ्यात तिकडे सलात्यात फकूस घालतात, लांब, वाकडी, फिकट हिरवी, अंगावर रेघा आणि बारीक लव. साल्फीतकडचं दैर बल्लूत गाव त्यासाठी नावाजलेलं, आणि ती शेती मुख्यतः बायका करतात. वनस्पतीशास्त्राप्रमाणे ती काकडी नाहीच, खरबुजाच्या जातीतली, उत्तर भारतात उन्हाळ्यात गाडीवर मीठ-मसाला लावून ककडी मिळते तीच मंडळी. नोव्हेंबरात अर्थातच नाही मिळाली. छोट्या, पातळ सालीच्या काकड्या घ्यायच्या, त्यांना इकडे खियार म्हणतात, साल काढायची गरज नाही, बिया कोवळ्या.

टोमॅटो कुठले घ्यायचे ते ठरवलं: लाल पण घट्ट, मध्यम आकाराचे. फार पिकलेले दग्गाला चांगले, सलात्याला नाही. दग्गाचं पुढे लिहितो.

१६ नोव्हेंबर

आज पाण्याचा अभ्यास. अर्धा-अर्धा किलो टोमॅटो-काकडीचं मिश्रण, तीन भांडी.

पहिल्यात मीठ, लिंबू, तेल सगळं एकदम. दुसऱ्यात आधी तेल लावून मग मीठ-लिंबू. तिसऱ्यात टोमॅटो चिरून वीस मिनिटं चाळणीत ठेवला, खाली पडलेला रस वाटीत धरला, आणि मीठ-लिंबू शेवटी.

तासाभराने पहिल्यात अक्षरशः पळी बुडेल एवढं पाणी. मीठ भाजीच्या पेशीतलं पाणी बाहेर ओढतं, त्याला इलाज नाही, सहा मिलिमीटरचे तुकडे म्हणजे कापलेले पृष्ठभाग किती, सगळीकडून गळती. दुसऱ्यात थोडं कमी, तेलाचा थर मिठाला जरा अडवतो, पण फार नाही. तिसरं चांगलंच कोरडं. आणि वाटीतला रस फेकायचा नाही!! बियांभोवतीचा तो बुळबुळीत भाग असतो ना, टोमॅटोची सगळ्यात जास्त चव त्यात असते. तो गाळून लिंबाच्या रसात मिसळला आणि वाढताना वरून घातला तर चव कुठेही जात नाही.

खालतींना दाखवलं. पहिल्या भांड्यातलं पाणी त्यांनी सरळ वाटीला तोंड लावून प्यायलं आणि म्हणाल्या हा तर सगळ्यात चांगला भाग. घरी चौघांत हे बरोबर आहे, पोळीसारखा खुब्ज बुडवून पुसून खातात. पन्नास माणसांत कागदी प्लेटीत ते पाणी बिर्याणीत जाणार आणि केरळवाले माझ्याशी वर्षभर बोलणार नाहीत.

तर निर्णय: मीठ टेबलावरच. सहा किलो एकदम कालवायची नाही, दीड-दीड किलोच्या खेपा. प्रत्येक खेप अर्ध्या तासात संपेल एवढीच.

२० नोव्हेंबर

तेल. यावर मी दोन ओळी लिहिणार होतो पण खालतींनी तासभर घेतला.

त्यांच्याकडे गावाहून दर वर्षी तेल येतं, पत्र्याचा चौकोनी डबा, १६ किलोच्या आसपास, तनका म्हणतात. पॅलेस्टिनी घरात वर्षाचं तेल डब्यांत मोजतात, आपल्याकडे पूर्वी वर्षाचे गहू भरायचे तसा प्रकार. ऑलिव्हची तोडणी ऑक्टोबर-नोव्हेंबरची, पहिला पाऊस पडून झाडांवरची धूळ धुतली गेली की सुरू करायची असा जुना रिवाज. सगळं घर झाडाखाली ताडपत्र्या अंथरून. तिकडचं मुख्य झाड नबाली जातीचं. ताजं तेल हिरवट आणि घशाला चरचरतं, खोकला येईल इतकं, आणि तेच चांगलं तेल. महिने गेले की शांत होतं.

यंदा डबा आलेला नाही. पाऊस कमी, पीक कमी, त्यात वेस्ट बँकमध्ये तोडणीच्या दिवसांत इस्रायली वसाहतवाल्यांचे हल्ले, काही शेतांत जायलाच मिळत नाही. भावाचा फोन होता, खालती बराच वेळ त्याच्याशी बोलत होत्या, मी आपला सुमाकच्या (लाल, आंबट मसाल्याची पूड) बरणीवरचं लेबल वाचत बसलो.

दुकानातून पॅलेस्टिनी एक्स्ट्रा व्हर्जिन घेतलं, ५०० मिलीच्या बाटल्या, महाग. एक्स्ट्रा व्हर्जिनला आम्लता ०.८ टक्क्यांच्या आत लागते हे लेबलवर कळतं, पण चरचर लेबलवर कळत नाही म्हणून एक बाटली आधी आणून चमच्याने प्यायलो. चरचरलं. मंजूर. बायकोने शेंगदाणा तेल चालेल का विचारलं, मस्करीत विचारलं असावं अशी आशा आहे. इथे फोडणी नाही, साखर नाही, कूट नाही, मग तेलाची चव थेट समोर येते, ते लपवायला दुसरं काहीच नाही.

२३ नोव्हेंबर

आज स्कोपच्या बाहेरचं काम पण लिहून ठेवतो.

खालतींची सून गाझाची. तिने सांगितलं की आमच्याकडे ही चिरलेली पण करतात, पण खरी ओळख म्हणजे दग्गा. त्याला झिब्दिया लागते, जाड मातीचा वाडगा, आतून खरखरीत, आणि लिंबाच्या लाकडाचा दांडा. गाझा शहरात फवाखीर नावाचा कुंभारांचा भागच आहे. तिची झिब्दिया लग्नात बॅगेत कपड्यांच्या मध्ये गुंडाळून आणलेली, कडेला एक टवका उडालाय, बाकी ठणठणीत.

आधी लसूण आणि जाड मीठ घोटायचं, मग हिरवी मिरची, मग बडीशेपेसारखं दिसणारं शेपूचं बी, आणि ते फुटून वास सुटला की पिकलेले टोमॅटो चिरून घालायचे आणि दांड्याने नुसते दाबायचे, लगदा नाही करायचा. लिंबू, वरून भरपूर तेल. त्याच वाडग्यातून सगळ्यांनी खुब्जने खायचं. गाझातल्या जेवणात शेपू आणि मिरचीचा हात सढळ असतो, नाबलूसकडच्या माणसाला ते तिखट लागतं, खालतींनी लगेच नाक मुरडलंच.

तर झालं असं की तिच्याकडचं शेपूचं बी संपलेलं. बायको एकदम उठून घरात गेली आणि बरणी घेऊन आली, बाळंतशेपा! मुलीच्या वेळी आईने भारतातून पाठवलेल्या, अजून शिल्लक. सुनेने दोन दाणे तळहातावर चोळले, वास घेतला, परत घेतला, म्हणाली हेच, पण तुमचं जरा उग्र आहे, कमी घालू. अर्ध्या चमच्यात काम झालं. माझ्या आयुष्यात बाळंतिणीच्या खोलीबाहेर बाळंतशेपा पहिल्यांदाच दिसल्या आणि टोमॅटोबरोबर त्या इतक्या छान लागतील असं कोणी सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता. त्यांचा तो थंडसर, जराशा कडू वळणाचा स्वाद लसणाच्या मागून हळूच येतो.

तिच्या माहेरची माणसं आता मध्य गाझात तंबूत आहेत. टोमॅटो मिळतो तेव्हा भाव विचारवत नाही म्हणाली. एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न-शेती संघटना) आणि युनोसॅटने (त्यांचंच उपग्रह केंद्र) उपग्रहाच्या चित्रांवरून मे २०२५ मध्ये सांगितलं होतं की गाझातली ५ टक्क्यांहून कमी शेतजमीन लागवडीजोगी उरलीय. बैत लाहियाची स्ट्रॉबेरी बाहेर जायची, टोमॅटो-काकडी तर घरचीच, अशी ती जमीन. ती हे सगळं दग्गा घोटता घोटता सांगत होती, तोच दांडा तोच वेग.

पन्नास जणांना दग्गा शक्य नाही, झिब्दिया एकच. पण २ तारखेला एक वाडगा टेबलावर ठेवायचा असं ठरलं, ज्याला मिळेल त्याला.

२८ नोव्हेंबर

उरलेले छोटे निर्णय.

ताहिनी (तिळाची पातळ पेस्ट) घालायची का? चिरलेल्या सलात्यात ताहिनी-लिंबाचं दाटसर मिश्रण कालवून पण एक प्रकार होतो, माशाबरोबर आणि कोफ्त्याबरोबर मस्त लागतो. पण तो दोन तासांत घट्ट-पातळ काहीही होतो. नाही.

सुमाक: वाटीत वेगळा. खालतींच्या मते रोजच्या सलात्याला लिंबू पुरे, लिंबू महाग असतं तेव्हा सुमाक.

लिंबू: पिवळी मोठी, जाड सालीची. आपली कागदी लिंबं जास्त आंबट आणि वासाला वेगळी, प्रमाण बदलतं.

पार्सली: धुऊन पूर्ण वाळवायची, पंख्याखाली पंचावर पसरून. ओली चिरली की गोळे होतात. सुरी एकदाच फिरवायची, पुन्हा पुन्हा रॉकिंग करून नाही, नाहीतर बोर्ड हिरवा होतो आणि चव बोर्डावरच राहते. कोथिंबीर नाही. चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी ग्रुपवर दोनदा सुचवलं, दोनदा नाही म्हटलं.

पुदिना: लिंबू लागला की काळा पडतो, म्हणून ताजा पुदिना प्रत्येक खेपेला वरून. वाळवलेला चुरून आत.

एक सूचना स्वतःला: टेबलावर कार्डावर फक्त पॅलेस्टिनी सलाता एवढंच लिहायचं. जगभरच्या हॉटेलांत हीच इस्रायली सॅलड म्हणून विकली जाते. तुर्कांकडे, लेबननमध्ये जवळचे प्रकार आहेतच, शेजारीपाजारी असं होतंच, पण ज्यांच्या शेतातून ती उचलली त्यांचं नावच पुसून विकायची हे खालतींना जिव्हारी लागतं आणि मला ते पटतं.

१ डिसेंबर

खरेदी झाली, वजनं टाकतो. टोमॅटो साडेतीन किलो (चाळणीत घट होणार म्हणून जास्त), काकडी २ किलो, कांदा ५०० ग्रॅम, मिरच्या १०, पार्सली ४ जुड्या, पुदिना २ जुड्या, लिंबं १२, तेल ४०० मिली, मीठ ५० ग्रॅमच्या जवळ म्हणजे एकूण वजनाच्या ०.८ टक्के. दग्गाचे टोमॅटो वेगळे, पिकलेले.

सुऱ्यांना धार लावून आणली. हे सगळ्यात महत्त्वाचं असं माझं मत झालंय. बोथट सुरी टोमॅटो कापत नाही, दाबते, आणि मग चाळणी काय आणि खेपा काय, सगळं व्यर्थ.

काकडी आज रात्री चिरायची नाही. फ्रिजमध्ये झाकून ठेवली तर चालेल असं बायको म्हणते, चालेल पण कुरकुरीतपणा जातो.

२ डिसेंबर

पहाटे नाही, साडेनऊला सुरू. मी, बायको, खालती, सून, आणि लाहोरवाल्यांचा कॉलेजमधला मुलगा जो हलीम ढवळायच्या कामातून पळून आला होता. त्याचा हात सगळ्यात चांगला निघाला, खालतींनी त्याला स्वतःची झिजलेली सुरी वापरायला दिली, मला कधी दिली नाही.

क्रम: आधी काकडी, ती टिकते. मग टोमॅटो, लगेच चाळणीत. मिरची, पार्सली. कांदा अगदी शेवटी, कारण चिरलेला कांदा तासाभरात उग्र होतो आणि सगळ्याला त्याचा वास लागतो. बाराच्या आत चिरणं संपलं. मोठी परात बर्फाच्या ट्रेवर, ऊन फार नव्हतं पण सावलीतच ठेवली. चार डबे भरून ठेवले, ड्रेसिंग बाटलीत: लिंबू, टोमॅटोचा रस, आणि तेल वेगळं.

पहिली खेप एकला कालवली, आधी तेल, मग ड्रेसिंग, मग मीठ, मग पुदिना. वीस मिनिटांत गेली. दुसरी, तिसरी त्याच वेगाने. बिर्याणीबरोबर लोक दही-रायता शोधत येतात आणि सलाता घेऊन जातात असं चाललं होतं. हलीमबरोबर तर फारच जमली, त्या गरम दाट हलीमवर एक चमचा आंबट गार चुरचुरीत काहीतरी पाहिजेच असतं. चौथी खेप मी मुद्दाम रोखून धरली होती, दुसऱ्या मजल्यावरचे दोन चाळीसला आले. त्यांची प्लेट वाकून बघितली, पाणी नाही. स्कोप पूर्ण.

दग्गाचा वाडगा दहा मिनिटांत पुसून चकाचक. कोथिंबीरवाल्या वहिनी सगळ्यात जवळ उभ्या होत्या.

४ डिसेंबर

क्लोजिंगच्या नोंदी. न कालवलेली काकडी-टोमॅटो थोडी उरली होती, ती खालतींनी रात्री कालच्या खुब्जचे तुकडे तेलात भाजून त्यात घातली, वर सुमाक, झाली फत्तूश. कालवलेली उरली असती तर ठेवण्यात अर्थ नव्हता, सकाळी ती फक्त पाणी असते.

माणशी १२० ग्रॅम अंदाज बरोबर आला, लहान मुलं सोडली तर. तेल थोडं उरलं, ते बाटलीसकट सुनेला दिलं, तिने बदल्यात उरलेल्या बाळंतशेपा मागितल्या. आईला अजून पाठवायला सांगितल्यात, आई फोनवर घाबरली, नंतर खुलासा केला.

खालतींचा शेरा: चिरणं ठीक, मीठ ठीक, लिंबू कमी. पुढच्या वेळी १४.